परिचारिकेची खरी मिळकत
(परिचारिका दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून जगभर पाळला जातो. नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. तरीही येथील खेड्यांच्या आरोग्याचा प्रश्न त्यांनी उत्तरायुष्यात चिकाटीने लावून धरला आणि त्यासाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेवला. खेड्यातील स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी आपलेपणाने बोलून आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रिया हव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराचे मोल जाणून घ्यायचे, तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे पाहावे.

१८९२ पासून तानसाचे आणि पुढे भातसाचेही पाणी शहापूरच्या परिसरातूनच मुंबईला जाते. उन्हाळ्यात मात्र याच भागातील कित्येक पाड्यांवरच्या माताभगिनी डोक्यावर हंडा घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. डोळखांब, कसारा, टोकावडे या पट्ट्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली बांधवांची वस्ती विखुरलेली आहे. येथे शासनाचा आरोग्य विभाग म्हणजे प्रत्यक्षात उपकेंद्राची परिचारिका. गावाच्या भाषेत 'नर्सबाई'.

डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. कागदावर हा आकडा लहान दिसतो. पण ती वस्ती पाड्यापाड्यांत विभागलेली असते आणि पावसाळ्यात मध्ये ओढे आडवे येतात. लस २ ते ८ अंश तापमानातच राखावी लागते. म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेली पेटी खांद्याला लावून वाट तुडवायची. पाड्यावर पोहोचावे, तर माणसे शेतावर गेलेली! कोणत्या पाड्यावर कोणत्या वेळी घरे उघडी असतात, हे ज्ञान प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसते. ते पायांनीच मिळवावे लागते.

पाड्यावरची वृद्ध सुईण ही नव्या परिचारिकेची पहिली कसोटी. तिला अडाणी म्हणून दूर लोटले, तर दारे मिटतात. तिच्या शेजारी बसून तिचे अनुभव ऐकले, तिचा मान राखला, तर अडलेल्या बाईला घेऊन तीच दवाखान्याची पायरी चढते. सर्पदंश झालेल्याला भगताकडे नेले जाते, तेथेही हेच. भगताशी वैर धरण्यापेक्षा 'आधी दवाखाना' हे त्याच्याच तोंडून वदवणे अधिक प्राण वाचवते.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला मोठा धडा दिला आहे. जामखेडमध्ये १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती आली आणि २०११ पासून नवजात बालकांसाठी तिच्या गृहभेटी ठरवून देण्यात आल्या.

येथून परिचारिकेची भूमिका पालटली. ती आता केवळ सेविका उरली नाही, ती गुरू झाली. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर तो धोका समजावा. बाळाला उबेत ठेवावे. पहिला चीक फेकू देऊ नये. हे सांगायला सोपे आहे. पण नव्या 'आशा'ला सोबत नेऊन, तिच्याच हातून वजन करवून, चुकली तर आईसमोर न बोलता वाटेत समजावणे, यालाच घडवणे म्हणतात. चारचौघांत अपमान झालेली कार्यकर्ती नोंदवही पूर्ण करते, पण माणसे जोडत नाही.

या घडणीची सर्वांत कठीण परीक्षा दिवाळीनंतर होते. भातकापणी उरकली की कित्येक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. या काळात गरोदर मातेची तपासणी राहते, बाळाची लस चुकते, वजन उतरते. कोण कोठे गेले, किती महिन्यांची गरोदर आहे, याची यादी गावातलीच कार्यकर्ती ठेवू शकते. माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात बांधून देणारीही तीच. एकट्या परिचारिकेला हे शक्य नाही. तिने घडवलेल्या दहाजणींना आहे.

परिचारिकेची बदली होते, एक दिवस निवृत्तीही येते. तिने किती सुया टोचल्या, हे कागदावर राहते. तिच्या माघारी रात्री-अपरात्री हाकेला धावून जाणाऱ्या किती जणी पाड्यावर उभ्या राहिल्या, ही तिची खरी मिळकत होय.

शहरातल्या कुटुंबांनाही यात वाटा आहे. आपल्या घराची वीट ज्या हातांनी थापली, त्यांचे मूल भट्टीवर किंवा बांधकामाच्या जागी दिसले, तर जवळच्या अंगणवाडीला आणि 'आशा' ताईंना कळवावे. त्याची लस, त्याचे वजन झाले का, याची चौकशी करावी. शहापूरचे पाणी पिणाऱ्यांनी फेडावयाच्या ऋणाचा तो पहिला हप्ता ठरेल.