एकाच आजींची दोन खाती
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी बोलणाऱ्यांनी शाळेच्या आठवणी इतक्या छान सांगितल्या की मी त्यात भर घालत नाही. मी गेल्या वर्षातली एक गोष्ट सांगणार आहे आणि शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. हे आधीच सांगून ठेवते. पैसे मागणार नाही, तेव्हा चहाच्या निमित्तानं कोणी उठू नका!

इंजिनिअरिंग झाल्यावर आपल्यातले बरेच जण गेले तशी मीही पुण्याला गेले. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. त्या काळात सोलापूर म्हणजे सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस आणि पिशवीत आईनं भरून दिलेली कडक भाकरी, शेंगा चटणी. वडिलांची तब्येत बिघडली तेव्हा घरून काम करायची परवानगी घेतली आणि परत आले. काम तेच, पगार तोच. पण दिवसभर लॅपटॉपसमोर बसून जे करते, त्याबद्दल समोरासमोर बोलायला गावात कोणी नव्हतं. घरात विचारतात, "झालं का गं तुझं कॉम्प्युटरचं?" तेवढंच.

मग भाच्यानं सांगितलं, सात रस्त्याजवळ एका क्लासच्या खोलीत महिन्यातल्या एका रविवारी काही मुलं जमतात. संस्था नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. कोणीतरी काहीतरी बनवलेलं असतं, तो ते दाखवतो, बाकीचे प्रश्न विचारतात. मी गेले. जिना चढून दारात उभी राहिले तर एक मुलगा लगबगीनं पुढं आला. "काकू, पालकांची मीटिंग खालच्या मजल्यावर आहे." मी म्हटलं, "मी प्रोग्रॅमर आहे रे." तो लाजला आणि म्हणाला, "मग बसा की, मॅडम." खोलीत अठरा जण होते, त्यात मुली चार. चाळिशीच्या पुढची मी एकटीच.

त्या दिवशी बोलणारा मुलगा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. संध्याकाळी तो एका औषधांच्या दुकानात काम करतो. दुकानासाठी त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं, त्यांची औषधं, कोणाला काय चालत नाही, सगळं मराठीत, कारण मालकांना मराठीत वाचायला सोपं जातं. एकदा कुऱ्हाडे आडनावाच्या आजी आल्या. खात्यात ॲमॉक्सिसिलिन चालणार नाही असं काहीच लिहिलेलं नव्हतं. पण मुलगा आजींना ओळखत होता. त्यानंच काही महिन्यांपूर्वी 'पेनिसिलिन चालत नाही' अशी नोंद केली होती. ॲमॉक्सिसिलिन त्याच गटातलं औषध. गोळ्या त्यानं बाजूला ठेवल्या, डॉक्टरांना फोन लावला आणि मग शोध घेतला. आजींची दोन खाती निघाली. नाव तेच, दिसायला अक्षरं तीच. नोंद मात्र एकाच खात्यात.

असं का झालं? इथं आपल्या मराठीच्या बाईंची आठवण झाली. बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: आचार्यास आणि आचाऱ्यास. एका 'र'नं गुरुजींचा स्वयंपाकी होतो! तोच हा ऱ्य-ऱ्ह मधला 'र'. कागदावर तो एकाच प्रकारे लिहिला जातो. संगणकात मात्र तो दोन प्रकारे साठवता येतो. काही कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्त साठवतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह साठवतात. पडद्यावर दोन्हीकडे 'कुऱ्हाडे'च दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं. दुकानातल्या संगणकावर एक, मालकांच्या मोबाइलवर दुसरं.

'ॲ'चीही तीच तऱ्हा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'ए'वर चंद्र असलेला 'ऍ' वापरून किंवा 'अ'ला वेगळा चंद्र जोडून भागवायचे. आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. म्हणजे ॲस्पिरिन तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं आणि एक शोधलं तर दुसरं सापडत नाही.

युनिकोडमध्ये अक्षरं एकसारखी करून घ्यायची तयार पद्धत आहे, पण ती या दोन गोष्टींना हात लावत नाही. त्या मुलानं स्वतः चार ओळींचा तक्ता केला होता: अमुक दिसलं की तमुक कर. नाव साठवतानाही आणि शोधतानाही. मी एवढंच सुचवलं की जुनी दोन खाती आपोआप एक करू नकोस. एकाच नावाच्या दोन आजी असू शकतात. फोन नंबर बघ, माणसाला विचार, मग जोड. तो लगेच वहीत लिहून घ्यायला लागला. मग मागून एक मुलगी म्हणाली, "सर, माझं आडनाव तेलुगू आहे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. त्याला काय करायचं?" खोली हसली, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या आपल्या गावात हा प्रश्न निम्म्या घरांत असेल. त्यावर तासभर चर्चा झाली. अशी चर्चा मोठ्या कंपनीच्या बैठकीत मी क्वचितच ऐकली आहे.

अशा खोल्यांना कमी लेखू नये. ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत मेन्लो पार्कला एका घराच्या गॅरेजमध्ये हौशी मंडळी जमली होती. होमब्रू कॉम्प्युटर क्लबची ती पहिली बैठक. तिथं आलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांना ॲपलच्या पहिल्या संगणकाची प्रेरणा मिळाली. इतकं लांब कशाला, आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली. कामाची सुरुवात आपल्यासमोरच्या अडचणीपासून झाली, एवढंच मला त्यात दिसतं.

आता माझं मागणं. ही मुलं हुशार आहेत, पण त्यांच्यासमोर अडचणी येतात त्या पुस्तकातल्या. खऱ्या अडचणी तुमच्याकडे आहेत. आपल्यात कोणाचा चादरीचा कारखाना आहे, कोणाचं मेडिकल, कोणी पतसंस्थेत, कोणी जिल्हा परिषदेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास या. "आमच्याकडे हे रोज अडतं" एवढंच सांगा, पुढचं ती मुलं बघतील. क्लासवाल्यांना खोली परत हवी आहे, तेव्हा कोणाकडे पंधरा-वीस खुर्च्या मावतील अशी जागा असेल तर तीही सांगा. आणि तुमच्या मुलींना पाठवा. चारच्या आठ झाल्या तर मला बरं वाटेल.

शेवटचं मागणं बाईंकडे. बाई, त्या मुलाला ऱ्य आणि ऱ्ह असलेल्या शब्दांची आणि आडनावांची यादी हवी आहे, तक्ता तपासून बघायला. मी आठवून आठवून चोवीस शब्द दिले. उरलेले तुम्ही द्याल ना? मी तुम्हाला घ्यायला येईन. जिना थोडा उंच आहे, पण सावकाश चढू.