लहानग्यांचा हट्ट

(ज्युबिलीच्या सप्ताहांत आईबापांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



गेल्या नाताळांत माझ्या हातून एक चूक घडली, ती आधीं सांगतों. गव्हाणीचा देखावा मांडतांना एका साडेतीन वर्षांच्या मुलास मीं मेंढरें गोठ्यामागें ठेवावयास सांगितलें. त्यानें तीं आनंदानें ठेविलीं. मागें दाटी झाली तेव्हां म्हटलें, “आतां उरलेलीं पुढें ठेव.” तरी पुढचें मेंढरूं मागेंच गेलें. “मीं काय सांगितलें?” असें दरडावितांच तो म्हणाला, “पुढें ठेव,” आणि आणखी एक मागें ठेविलें! मीं त्यास हट्टी ठरवून घालवून दिलें. तो रडत आईकडे गेला.

त्याच आठवड्यांत वाचनांत आलें कीं, कॅनडांतील टोरांटो येथील मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो व त्यांचे सहकारी यांनीं असाच प्रकार १९९६ सालीं प्रसिद्ध केला होता. मुलांनीं चित्रांचे पत्ते प्रथम एका नियमानें लावावयाचे, समजा रंगावरून. मग नियम बदलून आकृतीवरून. तीन वर्षांचीं बहुतेक मुलें नवा नियम विचारल्यास बरोबर सांगत. पत्ता मात्र जुन्याच नियमानें टाकीत. पांचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हा पालट साधतो.

म्हणजे मुलानें ऐकलें नाहीं असें नव्हे. ऐकलेलें हातांत उतरलें नाहीं. पहिल्या नियमाची चाकोरी पडलेली असते. तींतून चाक बाहेर काढणें हें विशेषेंकरून मेंदूच्या पुढल्या भागाचें काम, आणि तो भाग थेट तारुण्यापर्यंत सावकाश पक्व होत असतो. नियम बदलतांच मोठ्यांचाहि हात क्षणभर अडखळतो, हेंहि प्रयोगांत दिसलें आहे. (आपल्या कमिटीच्या सभा आठवाव्या!)

प्रत्येक पत्त्याच्या वेळीं मोठ्यांनीं नियम पुन्हां सांगितला तरी भागत नसे. परंतु नव्या नियमाप्रमाणें पत्त्यावर काय आहे हें मुलानेंच तोंडानें म्हटलें, तर पुष्कळ मुलांस तें जमूं लागतें, असें नताशा किर्कहॅम, अडेल डायमंड प्रभृतींनीं २००३ सालीं दाखविलें.

तीन राजांच्या सणास मीं त्या मुलास बोलावून आणविलें. आधीं त्याच्याकडून राजे दाराशीं उभे करविले; मग ते गव्हाणीपाशीं न्यावयाचे होते. दर वेळीं एवढेंच विचारलें, “हा कोण, आणि आतां कोठें जातो?” “राजा. बाळ येशूजवळ,” असें म्हणून त्यानें दोन राजे नेले. तिसरा त्यानें उचलला, थोडा वेळ धरला, आणि दाराशींच ठेविला. तो मीं हलविला नाहीं.