जंगल कोणाचें?



जंगल कोणाचें, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. मुलांना विभक्ति शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. 'कोणाचें' म्हटलें कीं षष्ठी, एवढें उत्तर तेथें पुरत असे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या एका षष्ठीवर माणसाचें पोट, वाघाचें जगणें आणि आपणां शहरवासीयांची सुट्टी, अशा तीन गोष्टी अवलंबून आहेत.

हे दोन जिल्हे पूर्वीं एकच होते. १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला. येथील बहुतेक जंगल सरकारच्या ताब्यांतलें. १९२७ सालच्या वन कायद्याची दृष्टि मुख्यतः लांकूड व महसूल यांवर होती. रानांत राहणाऱ्यांच्या गरजा ह्या बहुधा सवलती मानल्या गेल्या, हक्क नव्हेत. पुढें दुसरी दृष्टि आली. निसर्गाचें जतन करावें आणि लोकांनीं तो पाहून आनंद घ्यावा, ही ती दृष्टि होय. अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोन येथें राष्ट्रीय उद्यान झालें तें याच विचारानें. आपल्याकडे १९५५ सालीं ताडोबा येथें असें उद्यान झालें. महाराष्ट्रांतील राष्ट्रीय उद्यानांत तें सर्वांत जुनें. १९८६ सालीं शेजारीं अंधारी अभयारण्य झालें. दोन्ही मिळून आज सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा गाभा आहे. त्याच्या भोंवतीं २०१० सालीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरांचा बफर, म्हणजे संरक्षक पट्टा, आंखण्यांत आला.

ताडोबा हें नांव कोणा अधिकाऱ्यानें ठेविलेलें नाहीं. तारू नांवाचा गोंड पुरुष वाघाशीं झुंजतां झुंजतां मरण पावला, अशी आख्यायिका आहे. तळ्याच्या कांठीं त्याचें स्थान आहे. म्हणजे ज्या उद्यानांत आपण वाघ पाहावयास जातों, त्याचें नांवच मुळीं वाघानें मारलेल्या माणसाचें आहे! ही गोष्ट विसरण्यासारखी नव्हे.

पाहुण्यांच्या बाबतींत तेथें बरीच शिस्त आहे. गाड्यांची संख्या ठरलेली, सोबत स्थानिक वाटाड्या, मंगळवारीं सुट्टी, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन कांहीं काळ थांबविलें होतें. पुढें तें सुरू झालें तेव्हां गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठीं वापरूं नये असें ठरलें. हें योग्यच झालें. वाघिणीला पिलें वाढवावयाचीं तर तिला निवांत जागा पाहिजे.

परंतु तीं पिलें मोठीं होतात आणि स्वतःचा मुलूख शोधीत बाहेर पडतात. नकाशावरची रेघ त्यांना वाचतां येत नाहीं. बाहेर शेतें आहेत, गुरें आहेत, माणसें आहेत. चैत्राच्या सुमारास भल्या पहांटे आपण उघड्या जिप्सींत बसून वाघाची वाट पाहतों. त्याच पहांटे शेजारच्या गांवची बाई टोपली घेऊन मोहाच्या झाडाखालीं फुलें वेंचीत असते. ओणव्यानें काम करणाऱ्या त्या बाईला मागचें दिसत नाहीं. पुढें तेंदूपानांचा हंगाम येतो, तेव्हांहि तीच गत. चंद्रपूर जिल्ह्यांत दरवर्षीं अनेक माणसें अशीं वाघाला बळी पडतात. वाघ पाहण्याचें सुख एकाला आणि वाघासोबत राहण्याचें भय दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे. तो फार दिवस टिकेल असें कोणीं समजूं नये. शेजारी रागावला कीं वाघाला राखणारा कायदा कागदावरच राहतो.

मग उपाय काय? पर्यटनाच्या उत्पन्नांतील कांहीं भाग आतां बफरमधील गांवांना मिळतो. मोहर्ली, कोलारा अशा गांवच्या तरुणांना वाटाड्याचें काम मिळतें. हा वांटा झाला. पण वांटा निराळा आणि अधिकार निराळा. गाभ्यांतील कांहीं गांवें उठून बाहेर वसलीं. त्यांना तर भय व सुख या दोहोंपेक्षां घर सोडण्याचें दुःख मोठें.

अधिकाराचें उदाहरण पाहावयाचें तर गडचिरोलींतील धानोरा तालुक्यांत जावें. तेथील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवाला २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीहि बांबू विकण्याची परवानगी लवकर मिळेना. बांबू झाड कीं गवत, असा वाद! अखेर २०११ सालीं तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. तेथें ठराव बहुमतानें होत नाहीं, सर्वांच्या संमतीनें होतो. आणि जंगल आपलें म्हटल्यावर त्याची राखण करणेंहि आपलेंच होतें.

मेंढा म्हणजे व्याघ्रप्रकल्प नव्हे, हें मला ठाऊक आहे. ताडोब्याचा गाभा वाघासाठीं मोकळा राहिलाच पाहिजे. परंतु भोंवतालच्या गांवांना केवळ वांटेकरी न मानतां निर्णयांत सामील केलें, पाहुणे किती यावे, रस्ता कोठून जावा, हें त्यांना विचारून ठरलें, तर वाघाला पहारेकरी निराळे शोधावे लागणार नाहींत.

आपल्यासाठीं एवढेंच सांगावयाचें: वाघ दिसला नाहीं म्हणून वाटाड्यावर रागावूं नये, गाडी जवळ नेण्यासाठीं त्याला पैशांचें आमिष दाखवूं नये, आणि जमेल तर एक रात्र गांवांतील माणसाच्या घरीं उतरून त्याचें म्हणणें ऐकावें. जंगल कोणाचें, याचें उत्तर षष्ठीच्या अनेकवचनांत आहे. तें सर्वांचें आहे; परंतु त्या सर्वांत पहिलें नांव मोहाखालीं वांकलेल्या त्या बाईचें असावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.