नम्रता कुणी शिकायची?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



'नम्रता' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाळाला आठी पडते. साहजिकच आहे. हा शब्द आपल्याला गप्प बसवण्यासाठीच वापरला गेला. मी ख्रिस्ती घरात वाढले, तिथं तो देवाच्या नावानं यायचा. नवरा मारतो? सोस, तो तुझा क्रूस आहे, असा उपदेश मी कानांनी ऐकलाय.

तरीही हा शब्द टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. तो मुळात कुणाला उद्देशून आहे, एवढं तपासू या.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम. गुरूनं ते केलं, म्हणून त्याला अर्थ आला. जी बाई जन्मभर दुसऱ्यांचे पाय धुते, तिलाच ही गोष्ट सांगून 'तूही अशी नम्र हो' म्हणणं म्हणजे गोष्ट उलटी करणं. व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीनं १९६० साली हेच मांडलं. धर्मशास्त्र गर्वाला मोठं पाप ठरवतं, पण तो पुरुषांचा अनुभव आहे. बाईपुढचा धोका वेगळा असतो, स्वतःला पुसून टाकण्याचा.

मरियेचंच पाहा. नम्रतेचा आदर्श म्हणून तिला आपल्यापुढे ठेवतात. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या तिच्या गीतात 'दीन' या अर्थाचा जो ग्रीक शब्द आहे, तो स्वभावाचा गुण सांगत नाही. हलकी लेखलेली, दबलेली अवस्था सांगतो. त्याच गीतात पुढे सत्ताधीश खाली येतात आणि भुकेल्यांची पोटं भरतात.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चची मतं त्या स्वतः तपासून घेत. त्यांच्या धर्मगुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना तो गर्व वाटला. दोघींच्या पत्रव्यवहारात हे दिसतं. बाईनं इंग्रज तरुणांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही रमाबाईंनी मुकाट्यानं मान हलवली नाही.

हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली. स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी दुष्काळाच्याच वर्षांत गमावले होते. वरून पाहणाऱ्याला दुष्काळ म्हणजे धान्याचा आणि मजुरीचा हिशोब. रमाबाईंना त्यापलीकडचं दिसलं. पोटाला मिळेल या आशेनं आलेल्या तरुण पोरी मदतीच्या ठिकाणीही सुरक्षित नव्हत्या. त्यांना नासवणारे, पळवणारे पुरुष तिथंच टपलेले होते. रमाबाईंनी ते लिहून उघड केलं आणि शेकडो मुलींना केडगावला आणलं. गरिबांच्या नजरेनं पाहणं म्हणजे कळवळा नव्हे. खाली उभं राहिलं, तर वरून न दिसणारी गोष्ट दिसते. त्याच १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे काय हाल होतात, यावरही त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध पत्र लिहिलं.

त्यांच्या धर्मांतराबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील. पण त्यांच्या बायबलचं भाषांतर लक्षात घ्या. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' ठरलेल्या या बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत भाषांतर केलं. मुक्ती मिशनमधल्या मुलींनी, बायकांनी छपाईचं काम केलं. १९२२ साली रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ साली निघालं. पंडितेनं आपली विद्या खाली उतरवली. माझ्या लेखी नम्रता ती ही.

म्हणून काही प्रश्न आपल्याच कामाला विचारू या. बैठकीची वेळ कुणाच्या सोयीची, चार घरची धुणीभांडी करणारीच्या की कार्यकर्तीच्या? जिची हकीकत अहवालात छापायची, तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवायचा की नाही? 'हे असं घडलं नाही, बाई' असं तिनं म्हटलं, तर तो बदलायचा की नाही?

नम्रतेचा पाठ इथून सुरू करू. आणि मार खाणाऱ्या बाईला कुणी नम्रता शिकवायला आलंच, तर तिच्या शेजारी ताठ उभं राहायला आपण असू.