सोने अडल्या वेळी किती धावते?

(नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत एका शिक्षकाने केलेले भाषण)



सोने कधी बुडत नाही, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. मी सोन्याचा वैरी नव्हे. आईच्या बोरमाळेवर माझे अध्यापक विद्यालयातील शिक्षण झाले. परंतु जे वचन आपण डोळे मिटून मानतो, ते एकदा तराजूत घालून पाहिले पाहिजे.

२०१२ साली तोळ्याचा, म्हणजे १० ग्रॅमचा, भाव ३१ हजारांच्या घरात होता. सोयाबीनचे पैसे आले म्हणून मी दोन तोळ्यांच्या पाटल्या केल्या. पुढे दुष्काळ लागला. २०१५ च्या जुलैत बोअर आटले, दुबार पेरणी आली, आणि पाटल्या मोडायला काढल्या. भाव २५ हजारांवर उतरला होता. वर घट गेली. घडणावळ तर आधीच गेली होती. ६२ हजारांच्या जागी ५० हजारही हाती आले नाहीत. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत कोणाकोणाच्या घरचे डोरले मोडले, ते ज्याचे त्याने आठवावे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, २०२५ साली तोच तोळा लाखावर गेला!" खरे आहे. पण तो भाव ज्याला दहा वर्षे थांबता आले, त्याला मिळाला. सोन्याचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात आणि डॉलरच्या दराने ठरतो; आपल्याकडे मृग कोरडा गेला, हे त्या बाजाराला ठाऊक नसते. श्रीमंत सवडीने विकतो, आपण अडचणीने विकतो. शिवाय शेळी पाळली तर करडू देते. पेटीतल्या माळेला दहा वर्षांत एक मणी वाढत नाही.

म्हणून माझे मागणे इतकेच. एका वर्षाचे बी, खत व दाणे यांचे पैसे आधी पोस्टात वा बँकेत ठेवा. उरले तर सोने घ्या. कर्ज काढून लग्नाचे सोने करू नका. घ्याल ते हॉलमार्कचे घ्या व पक्की पावती मागा. गहाण ठेवाल तर परवाना असलेल्याकडेच ठेवा. तोंडी व्यवहार नको. आणि घरच्या बाईला विचारल्यावाचून दागिना मोडू नका. तो तिचा आहे.

पाटल्या गेल्या तेव्हा माझ्या पत्नीने एक शब्द काढला नाही. कारण मी तिला विचारलेच नव्हते.