गोळी, घास आणि परिचारिका



वाशी, नेरूळ वा कामोठे येथील रुग्णालयांत औषध डॉक्टर लिहून देतात; परंतु ते रुग्णाच्या हाती देते ती परिचारिका. म्हणून आहार व औषध यांचे नाते तिला ठाऊक असणे अगत्याचे आहे. परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात पोषणशास्त्र आणि औषधशास्त्र हे दोन्ही विषय आहेत. त्यांची सांगड मात्र रुग्णाच्या ताटाशीच घालावी लागते.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. लगेच चहा वा दूध घेतल्यास तिचे शोषण घटू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन केवळ दुधासमवेत घेऊ नये. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन देतात. पालक, मेथी यांतील के जीवनसत्त्व त्याच्या विरुद्ध कार्य करते. चातुर्मासात पालेभाज्या अकस्मात वर्ज्य केल्या, तर नेहमीचीच मात्रा अधिक ठरून रक्तस्राव संभवतो. पुढे त्या एकदम वाढविल्यास गुठळीचे भय असते. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते.

यास्तव परिचारिकेने ‘जेवलात का?’ एवढेच न विचारता ‘चौविहार आहे का? कोणते व्रत आहे?’ हेही विचारावे. रुग्णानेही ते निःसंकोच सांगावे आणि नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी. व्रत आणि उपचार दोन्ही त्यामुळे निर्विघ्न पार पडतील.

जय जिनेंद्र!