सहा धावा आणि एक चेंडू



क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की आपण जिंकलेल्या सामन्यांबद्दल बोलतो. १९८३ चा विश्वचषक, २०११ चा विश्वचषक. आज मी एका अनिर्णित सामन्याबद्दल बोलणार आहे. तो मी पाहिलेला नाही, माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. पण आमच्या घरात तो माझ्या लहानपणापासून आहे, कारण अब्बा तो पुन्हा पुन्हा सांगत.

हा सामना झाला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर, ४ ते ८ फेब्रुवारी १९४९ या पाच दिवसांत. पाहुणे होते वेस्ट इंडिजचे, कर्णधार जॉन गोडार्ड. त्यांच्या संघात एव्हर्टन वीक्स होता. सलग पाच कसोटी डावांत शतके ठोकून आणि मद्रासला ९० वर धावबाद होऊन तो मुंबईत आला होता. मालिकेतल्या पहिल्या तीन कसोटी अनिर्णित राहिल्या होत्या आणि मद्रासची कसोटी आपण डावाने हरलो होतो. ही पाचवी आणि शेवटची. आपण १९३२ पासून कसोटी खेळत होतो, पण तोवर एकही सामना जिंकला नव्हता.

वेस्ट इंडिजने २८६ आणि २६७ धावा केल्या. आपला पहिला डाव १९३ मध्ये आटोपला. जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. त्या काळी चौथ्या डावात एवढ्या धावांचे नाव कोणी काढत नसे. त्यात मुश्ताक अली आणि इब्राहिम हे दोघे सलामीवीर लवकर गेले. मग रुसी मोदीने ८६ धावा केल्या, कर्णधार लाला अमरनाथने ३९ आणि सांगलीच्या विजय हजारेने १२२. प्रायर जोन्सने आपले पाच गडी टिपले, तरी धावा होत राहिल्या. आठ गडी बाद झाले तेव्हा खेळपट्टीवर दोघे उरले: कोल्हापूरचा दत्तू फडकर आणि हैदराबादचा गुलाम अहमद.

पाहुण्यांनी आता वेळ काढायला सुरुवात केली. शेवटच्या तासात ठरावीक षटके टाकलीच पाहिजेत, हा नियम तेव्हा नव्हता. इकडे घड्याळ पळत होते आणि तिकडे क्षेत्ररक्षक चालत होते. तरीही फडकरने धावा ३५५ पर्यंत नेल्या. सहा धावा हव्या होत्या. षटकातला एक चेंडू बाकी होता, वेळही दीड मिनिट शिल्लक होती. आणि त्या गडबडीत पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले! फडकर ३७ वर नाबाद, गुलाम अहमद ९ वर नाबाद, सामना अनिर्णित.

आता हा सामना बीडमधल्या आमच्या घरात कसा शिरला, ते सांगतो.

आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी हिंदू शेजाऱ्यांना छळले होते. त्याचा राग पुढच्या काही आठवड्यांत ज्यांनी काहीच केले नव्हते अशा मुसलमान घरांवरही निघाला. ही दोन्ही दुःखे आपल्याच जिल्ह्याची आहेत, एक सांगून दुसरे झाकता येत नाही. आमच्या घरातली मोठी माणसे त्या दिवसांत फारशी बाहेर पडत नसत. काही नातेवाईक गाव सोडून गेले. आजोबा राहिले, पण राहिलो ते बरोबर की चूक, हे त्यांचे त्यांनाही ठरवता येत नव्हते.

अब्बा तेव्हा शाळकरी पोरगा. बिंदुसरेच्या कोरड्या पात्रात फळकुटाच्या बॅटने खेळणारा. पेठेतल्या हॉटेलात हैदराबादचा उर्दू पेपर उशिराने येई आणि कोणीतरी तो मोठ्याने वाची. या सामन्याची बातमी अब्बांनी तिथे ऐकली आणि धावत घरी येऊन आजोबांना सांगितली, 'सहा धावा कमी पडल्या!' आजोबांनी विचारले, 'गुलाम अहमद?' 'नाबाद.' तेव्हा आजोबा म्हणाले, 'आउट तो नै हुए ना!' त्या दिवशी संध्याकाळी पुष्कळ दिवसांनी ते बाजारात गेले, असे अब्बा सांगत.

मोठा झाल्यावर मी त्या संघाची नावे नीट पाहिली. याच मैदानावर काही वर्षांपूर्वी पंचरंगी सामने होत. हिंदूंचा संघ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, पारशांचा वेगळा, युरोपियनांचा वेगळा आणि उरलेल्यांचा वेगळा. हजारे ख्रिस्ती, म्हणून तो 'उरलेल्यां'कडून खेळे. १९४३ च्या मोसमात इथेच हिंदूंच्या संघाविरुद्ध त्याच्या संघाने ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या होत्या. १९४६ मध्ये हे सामने बंद झाले, पुढच्या वर्षी फाळणी झाली. आणि १९४९ मध्ये तेच मोदी, हजारे, अमरनाथ, मुश्ताक अली एकाच आकड्याच्या मागे धावत होते. शेवटच्या जोडीतला फडकर ज्या कोल्हापूरचा, ते संस्थानही अजून विलीन व्हायचे होते. ते १ मार्चला झाले. गुलाम अहमदच्या हैदराबादला तर भारतात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. देशाचा नकाशा अजून ओला होता आणि हे दोघे एकमेकांच्या हाकेवर धावा काढत होते.

पहिला विजय तीन वर्षांनी मिळाला, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. कर्णधार हजारे. त्या संघात फडकर होता, आणि गुलाम अहमदने दुसऱ्या डावात चार बळी घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत, दिल्लीला, गुलाम अहमदने ५० धावा केल्या आणि हेमू अधिकारीबरोबर शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. 'तुम्ही कोणाच्या बाजूने?' हा प्रश्न आमच्यासारख्यांना भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी कोणी ना कोणी विचारतोच. मी वाद घालत नाही. ही भागीदारी सांगतो.

त्या पंचांची चूक झाली, पण तिच्यामागे वाईट हेतू नव्हता. घड्याळ वाचण्यात माणूस चुकतो. इतिहासातही कोणीतरी घाईने खेळ संपल्याचे जाहीर करतो. ज्यांचा एक चेंडू बाकी असतो, त्यांनी काय करायचे? त्या दोघांनी केले ते: मान खाली घालून परत यायचे आणि पुढच्या सामन्याला पुन्हा उभे राहायचे.

आज बिंदुसरेकाठची पोरे खेळताना दिसतात. बीडच्या सचिन धसने २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा केल्या, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनीच पेढे खाल्ले.

अब्बांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना त्या सामन्याचा धावफलक दाखवला. चष्मा लावून त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवले. 'गुलाम अहमद, नाबाद ९.' मग म्हणाले, 'बघ, मी बरोबर सांगत होतो.'

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)